सोडलेली जागा

थांबाराव हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. पण माणूस आयुष्यभर जो शब्द सगळ्यात जास्त उच्चारतो, तोच शेवटी त्याला चिकटतो. लग्न लागलं, पाहुणे जेवणाकडे वळले, की गर्दीतून खर्जातला एक आवाज उठायचा, "थांबा, थांबा! अजून एक!" आवाज असा, की रंगभूमीवर असता तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं असतं. पाहुणे थांबायचे, नवरदेव थांबायचा. एकदा तर म्हणे डोक्यावरचा पंखासुद्धा थांबला. वीज गेली होती, हा भाग वेगळा.

त्या दिवसापासून ते सगळ्यांचेच थांबाराव झाले. बायकोचे ते 'अहो' होते, पण ताट वाढून फार वेळ झाला की तीही म्हणायची, "थांबाराव, येताय की झाकून ठेवू?"

त्यांचं फोटोचं दुकान एका अरुंद गल्लीत, किल्ल्या करणारा आणि रफूवाला यांच्या मधोमध. आत एक रंगवलेला पडदा: निळं तळं, काठावर दोन झाडं, लांब एक डोंगर. तळ्याच्या ऐन मध्यावर रंगाचा पोपडा उडाला होता. थांबाराव गिऱ्हाईकाला असं बसवायचे की त्याचं डोकं बरोबर त्या पोपड्यावर यावं. कित्येक वर्षं गावातल्या अर्ध्या लोकसंख्येच्या डोक्यांनी ते तळं बुजवलं. पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आले आणि पडद्यासमोर बसायला कुणी येईना. उरले ते ओळखपत्राचे फोटो आणि लग्नं. लग्नाला मात्र लोकांना अजून एक थांबवणारा माणूस लागतो.

त्यांच्या हातात एक खास कसब होतं. लग्नाच्या ग्रुप फोटोला कुणी ना कुणी हमखास नसतं. मामा वाटेत अडकलेला असतो, आजी दवाखान्यात असते, धाकटा दीर रुसून बसलेला असतो. अशा वेळी थांबाराव म्हणायचे, "काळजी नको. त्यांची जागा सोडू." मग ते त्या जागी एखादी वस्तू ठेवायचे, खुर्ची किंवा स्टूल, म्हणजे माणसं सरकत नाहीत. बटण दाबायच्या आधी ती वस्तू अलगद काढून घ्यायची. पुढे तो मामा सापडला की त्याला त्याच उजेडात उभा करायचा आणि दुकानात बसून सोडलेल्या जागेत नीट बसवायचा. काम इतकं सफाईचं, की मामालाच पुढे खरं वाटू लागायचं की आपण लग्नाला होतो.

आता त्यांच्या घरातली भिंत पाहा. भिंतीवर बायको आहे, लेक आहे. लेक दोन वेण्यांची, लेक दात पडलेली, लेक शाळेच्या कपड्यांत, लेक नोकरीच्या पहिल्या दिवशी. आणि प्रत्येक फोटोत मायलेकींच्या मध्ये एका माणसाच्या रुंदीची जागा सुटलेली. फोटो काढणारे थांबाराव, मग फोटोत कोण उभं राहणार? "तुम्ही दोघी राहा उभ्या. माझी जागा सोडा. मी मला नंतर बसवतो." स्टूल मध्ये यायचं, स्टूल निघायचं. लेक डोकं जरासं कलतं धरायची, वडिलांचा हात खांद्यावर असल्यासारखं. ते 'नंतर' काही आलं नाही. गिऱ्हाइकांच्या मामांना आधी बसवायचं असायचं.

तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्याला टायमर असतो की. बटण दाबायचं, धावत जाऊन उभं राहायचं. पण टायमरचं नाव काढलं की थांबारावांचं नाक वर जायचं. "टायमरला काय डोळे आहेत? समोरच्याची पापणी मिटली तरी तो मेला दाबतोच. पापणी पाहून दाबतो तो फोटोग्राफर." हा त्यांचा बाणा होता, आणि त्या बाण्यापायी घरातल्या भिंतीवर ते कुठेच नव्हते.

लेकीला ते बटण म्हणत. लहानपणी कॅमेऱ्याचं बटण आपणच दाबणार म्हणून ती जमिनीवर लोळण घ्यायची. हीच बटण लग्न करून समुद्रापार गेली आणि बऱ्याच वर्षांनी आपल्या छोट्या मुलाला घेऊन माहेरी आली. चांगली मोठी सुट्टी होती. पण तिच्या कामाच्या ठिकाणाहून बोलावणं आलं, सुट्टी कापली गेली, तिकीट अलीकडे ओढलं गेलं. आणि ते नेमकं त्या दिवशी आलं, ज्या दिवशी थांबारावांनी लांबच्या एका खेड्यातलं लग्न कबूल केलं होतं.

आदल्या संध्याकाळी जेवताना बटण म्हणाली, "बाबा, मला बाकी काही नको. एक फोटो हवा. तुम्ही असलेला."

"काढू की."

"'काढू' नाही. तुम्ही आमच्यात उभं राहायचं. बटण दाबायला मी रफूवाल्या काकांना सांगते."

"तो? तो माणसांची डोकी कापेल."

"कापू दे. निदान धड तरी येईल तुमचं."

थांबाराव हसले. मग घास चिवडत म्हणाले, "लग्न सकाळी आहे. ग्रुप फोटो दुपारी. दुपारी तिथून दूधगाडी स्टेशनला जाते, तिने निघालो की संध्याकाळच्या आत घरात. तू निघणार दिवेलागणीला. वेळच वेळ आहे आपल्याकडे."

"नाही गेलात तर?"

"शब्द दिलाय गं. ऐनवेळी त्यांना दुसरा कोण मिळणार?"

बायको वाढत होती. तिने भाताचं भांडं जरा जोरात खाली ठेवलं.

पहाटे थांबाराव निघाले तेव्हा नातू बटणच्या कुशीत झोपला होता. त्याचा एक पाय पांघरुणाबाहेर होता. तो त्यांनी आत सरकवला आणि कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावर, तिपाई हातात घेतली. खांद्यावर पट्ट्याचा वळ कायमचा होता. पिशवी आपोआप त्या वळात जाऊन बसली. गुडघ्यांनी पहिल्या पायरीलाच कुरकुर केली.

रेल्वेतून उतरले तेव्हा पाऊस लागला होता. हा पाऊस गडगडत, कडकडत येणारा नव्हता. आला आणि बसला, जसा एखादा पाहुणा बॅग ठेवतो आणि 'सध्या इथेच आहे' म्हणतो. स्टेशनबाहेर दूधगाडी उभी होती. चालवणारा लांब मानेचा, तोंडाने अखंड चालू असलेला माणूस. लग्नघराने त्याला फोटोवाल्याला आणायला सांगितलं होतं.

"बसा मालक. सीट फाटकी आहे, पण गादी आतून चांगली आहे. माझ्यासारखी."

"दुपारी परत नेणार ना?"

"दूध नेणार. दुधाबरोबर तुम्हाला नेणार. पण एक सांगून ठेवतो, मी कुणासाठी थांबत नाही. मी थांबेन हो, दूध थांबत नाही. आणि ओढ्यावरचा पूल बुटका आहे. पाणी चढलं की तो गेलाच."

"माझी लेक आज जातेय," थांबाराव म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. अनोळखी गाडीत, ओल्या काचेसमोर, माणसाच्या तोंडून निघून जातं.

"मग वेळेवर या म्हणजे झालं."

लग्न बागेत व्हायचं होतं. बागेत गुडघाभर चिखल झाल्यामुळे ते वैरणीच्या मोठ्या कोठारात आलं होतं. पेंढ्यांचे गठ्ठे एकावर एक रचून भिंतीला लावले होते आणि मध्ये रिकामी झालेली जागा झाडून घेतली होती. शेजारच्या गोठ्यातून गाई मान लांबवून पाहत होत्या. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बोलणाऱ्याला ओरडावं लागे आणि ओरडणाऱ्याला वाटे आपण कुजबुजतोय. थांबारावांनी कॅमेरा बाहेर काढला. आतल्या उबेत भिंगावर धुकं चढलं. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. पुसायची घाई नवशिके करतात. धुकं आपलं आपण उतरतं, तोवर हात ताटकळतात इतकंच.

"तुम्ही फोटोवाले?" नवरीच्या आत्याने त्यांना गाठलं. घरात कार्य असलं की एक बाई आपोआप सेनापती होते, तशी ती झाली होती. "मला उजवीकडून काढू नका. उजवीकडून मी माझ्या सासूसारखी दिसते."

"आणि डावीकडून?"

"डावीकडून मी बरी आहे. तरुणपणी सगळे डावीकडेच बसायचे."

नवरी मात्र दारातच उभी होती. नवे कपडे, केसांत फुलं आणि नजर चिखलाच्या रस्त्यावर. तिची मोठी बहीण यायची होती. आई लवकर गेली, तेव्हापासून या बहिणीने धाकटीला वाढवलं होतं. केस विंचरले, शाळेत सोडलं, ताप आला की उशाशी बसली. आता ती लांबच्या शहरात दवाखान्यात परिचारिका होती. रात्रपाळी संपायच्या वेळेला एक रोगी अत्यवस्थ झाला, म्हणून तिची ठरलेली बस चुकली. पुढची बस पावसात कुठे होती, कुणालाच माहीत नव्हतं.

"ताई आली की मग," नवरी म्हणायची.

थोडा वेळ सगळे थांबले. पण लग्न लावणाऱ्या गृहस्थांना आणखी एका गावाला जायचं होतं. ते छत्री उघडमीट करू लागले. नवरीचे वडील, मोठ्या हाताचे, गाईंशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारे, मुलीजवळ जाऊन म्हणाले, "बाळ, आता लावून घेऊ."

लग्न लागलं. टाळ्या वाजल्या. नवरीने डोळे पुसले तो फोटो थांबारावांनी काढला नाही. कॅमेरा खाली धरला. असे न काढलेले फोटो त्यांच्या गाठीला पुष्कळ होते.

मग आला ग्रुप फोटो, आणि नवरी अडून बसली. "ताईशिवाय नाही."

थांबारावांनी बाहेर पाहिलं. गोठ्यापाशी दुधाचे कॅन गाडीत चढू लागले होते. आयुष्यभर जगाला थांबवणाऱ्या माणसाला आज निघायचं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि हजारदा म्हटलेलं वाक्य म्हटलं, "काळजी नको. ताईंची जागा सोडू."

"सोडू म्हणजे?"

"तुमच्या शेजारी. तुम्ही हलायचं नाही. मागून मी त्यांना अशा बसवेन की कुणाला कळायचं नाही."

"मला कळेल की," नवरी म्हणाली.

"पाच वर्षांनी तुलाही नाही कळणार," आत्या म्हणाली. "माझ्या लग्नाच्या फोटोत माझा नवरा हसतोय. आता मला खरंच वाटतं की तो हसला होता."

सगळे हसले, वडिलांनी मान हलवली, नवरी गठ्ठ्यांपुढे जाऊन उभी राहिली. थांबारावांनी गठ्ठ्यांवर आणि गठ्ठ्यांपुढे माणसं लावली. उंच मागे, बुटके पुढे, आत्या डावीकडून. नवरीच्या शेजारी दुधाचा एक रिकामा कॅन ठेवला. त्याच्या पलीकडे नवरीची मोठी जाऊ. "एवढी जागा. कॅन काढला तरी तेवढीच ठेवायची." त्यांनी कॅन काढला, मागे आले, डोळा लावला. त्याच वेळी दारातून वाऱ्याचा एक झोत आला, पावसाचे शिंतोडे आले, सगळी माणसं शहारली. बटण दाबलं गेलं. बाहेर दूधगाडीने भोंगा दिला.

"अजून एक" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. "झाला," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला ग्रुप फोटो, जो एकदाच काढला गेला.

गाडीत बसल्यावर त्यांना पहिल्यांदा आपले मोजे ओले असल्याचं जाणवलं. मागे कॅन खडखडत होते. चालवणारा त्याच्या सासुरवाडीच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होता. थांबारावांनी सवयीने कॅमेरा काढला, मागचा पडदा उजळला आणि फोटो पाहिला.

जागा नव्हती.

नवरी अर्धं पाऊल इकडे सरकली होती, जाऊ अर्धं पाऊल तिकडे. थंड झोत आला तशी दोघी एकमेकींना येऊन भिडल्या होत्या. मध्ये हातसुद्धा शिरला नसता. कॅन उचलल्यापासून बटण दाबेपर्यंत, तेवढ्या वेळात जागा मिटली. यात कुणाचा दोष नव्हता. माणसं अशीच असतात. गारठा वाढला की जवळ सरकतात. रिकामी जागा राखून उभं राहणं माणसाच्या अंगात नसतं.

आणि मग फाटक्या सीटवर, त्या खडखडाटात, थांबारावांना घरची भिंत दिसली. त्या भिंतीवर एकाही फोटोत जागा मिटलेली नव्हती. बायको थंडीत उभी होती, उन्हात उभी होती. एकदा अंगात ताप असताना उभी होती. लेक सात वर्षांची, बारा वर्षांची, वीस वर्षांची. स्टूल निघायचं आणि दोघी तशाच उभ्या राहायच्या, खांबासारख्या. एकमेकींकडे बोटभरही सरकायच्या नाहीत. त्यांना वाटायचं, किती शहाणी माणसं आहेत माझी. ती जागा किती जड असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

गाडी ओढ्याशी आली. पुलावर पाण्याचा पातळ थर वाहत होता. अलीकडे, मैलाच्या दगडावर, एक बाई बसून बुटातलं पाणी ओतत होती. कमरेपर्यंत भिजलेली, अंगात परिचारिकेचा डगला, कडेला एक बोचकं. पलीकडे एक बस पाण्याला घाबरून उभी होती. बाई पुलावरून चालत आली होती.

चालवणाऱ्याने काच खाली केली. "ताई, अहो चालत? वेड्या की काय!"

"वेडी असते तर बसमध्ये बसून राहिले असते." तिने थांबारावांच्या मांडीवरचा कॅमेरा पाहिला. "तुम्ही फोटोवाले? निघालात? म्हणजे लग्न झालं."

"झालं."

"ग्रुप फोटो?"

"तोही झाला."

तिने मान हलवली. रडली नाही. बूट पायात चढवला आणि नाडी बांधू लागली. थकलेली माणसं नाडी बांधतात तशी, एका वेळी एक टोक धरून. "असू दे. मी राहिले."

"नाही हो, तुमची जागा..." थांबाराव बोलले आणि अडखळले. हजारदा म्हटलेलं वाक्य. पण आज त्यांच्या मांडीवर पुरावा होता.

"बोला लवकर," चालवणारा म्हणाला. "पाणी चढतंय. दूध काही माझ्या बापाचं ऐकत नाही."

मग थांबारावांनी दार उघडलं. आधी एक पाय, मग दुसरा. त्यांनी पिशवी आणि तिपाई ओढून घेतली.

"मालक, ही शेवटची गाडी आहे. उद्या सकाळपर्यंत काही नाही. लेक जाणार म्हणत होतात ना?"

"म्हणत होतो."

"मग?"

"तुम्ही निघा. दूध थांबत नाही."

लांब मानेच्या त्या माणसाने मान हलवली आणि गिअर टाकला. गाडी पाणी उडवत पुलावरून गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

चढावर ताईने त्यांच्या हातातली कॅमेऱ्याची तिपाई काढून घेतली. "कुणाची लेक जातेय?"

"माझी. आज संध्याकाळी. समुद्रापार."

ती चिखलातच उभी राहिली. "आणि तुम्ही उतरलात? एका ग्रुप फोटोसाठी? अहो, तुम्हाला काही डोकं? मला काय, मागून चिकटवली असती तरी चाललं असतं!"

"नसतं जमलं. फोटोत तुमची जागाच राहिली नव्हती."

तिला काही कळलं नाही. "बापमाणसं सगळी सारखी," ती म्हणाली आणि तिपाई खांद्यावर टाकून पुढे चालू लागली. थांबाराव मागून चालले. त्यांच्यात वाद घालायची ताकद नव्हती, आणि वाद घालण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

कोठाराच्या दारात पहिल्यांदा आत्याला ते दिसले. "हे का परत आले? काय विसरलं यांचं?" मग तिला शेजारी तिपाई टेकवणारी ताई दिसली आणि सेनापतीने आत तोंड करून नवरीला हाक मारली. नवरी धावली ती थेट चिखलातून. नवे कपडे गुडघ्यापर्यंत माखले. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून काय बोलल्या, ते पत्र्यावरच्या पावसात कुणालाच ऐकू आलं नाही. वडील गठ्ठ्यांकडे तोंड करून पेंढी नीट करत राहिले. ती पेंढी आधीच नीट होती.

या वेळी कॅन लागला नाही. सगळे आपणहून उभे राहिले. भिजलेली ताई मध्ये, डगल्यासकट. बाहेर ढग जरा पातळ झाले होते आणि दारातून धुवट पांढरा उजेड आत येत होता. थांबारावांनी प्रत्येक पापणी पाहिली, मगच बटण दाबलं. पडदा पाहिला. "झाला." आवाज बसला होता.

पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की फोन लागतो, असं कुणीतरी सांगितलं. ते तिथे गेले. फोन खिशात थरथरला. घरून फोटो आला होता.

रफूवाल्याने काढलेला. सगळ्यांचे पाय कापलेले. बायको, बटण, नातू, मागे पोपडा उडालेलं तळं. बटणने आईच्या गळ्यात हात टाकलेला, गालाला गाल. नातवाने आजीचे केस मुठीत धरलेले. थांबारावांनी बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. ते जागा शोधत होते. सवयच ती.

त्यांनी फोन लावला.

"निघालीस?"

"निघतेय. दारात गाडी आलीये. बाबा, तिकडे फार पाऊस आहे का?"

"आहे. पुलावर पाणी आहे. बटण, मी..."

"कळलं हो. मघाशीच कळलं. या वेळेपर्यंत आला असतात."

"फोटो आला."

"पाय गेलेत सगळ्यांचे."

"सांगितलं होतं मी, तो कापतो म्हणून."

दोघं जरा हसली.

"जागा नाही सोडली, बाबा."

"दिसलं."

"आईच म्हणाली. तुमचं स्टूल तिने पायाने सरकवलं आणि म्हणाली, ये जवळ."

"बरं केलंत," थांबाराव म्हणाले. "फोटो चांगला आलाय. माणसं जवळ असली की फोटो उबदार येतो." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, जणू ती तिथून पाहत होती. "पोचलीस की कळव. पोराच्या पायात मोजे घाल. तो पाय बाहेर काढून झोपतो."

फोन खाली घेतला तर पायरीशी ताई उभी. हातात टॉवेल. तिने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवायची सभ्यता तिच्या कामात बसत नव्हती. रोज माणसांना कुशीवर वळवणारी बाई ती. तिने त्यांचं मनगट धरलं. "चला."

"कुठे?"

"फोटोत."

"अहो, मी कसा? बटण कोण..."

"तुमच्या त्या यंत्राला टायमर असतो, एवढं मलाही कळतं. चला म्हणते ना!"

कुणी त्यांचं ऐकलं नाही. तिपाई रोवली गेली. सगळे पुन्हा गठ्ठ्यांपुढे जमले. आत्या ओरडली, "माझ्या उजवीकडे उभे राहा, म्हणजे सासू झाकली जाईल!" थांबारावांनी आयुष्यात पहिल्यांदा टायमर लावला. लाल दिवा लुकलुकू लागला. ते निघाले, पण धावणं कसलं, ओले मोजे, कुरकुरणारे गुडघे, पेंढ्यांत घसरणारा पाय. कुणाचा तरी हात पुढे आला. नवरीच्या वडिलांचाच असावा, एवढा मोठा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याने त्यांना ओढून आत घेतलं. दोन्ही बाजूंनी खांदे येऊन टेकले. ऊब लागली. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की पुढचं त्यांना कळलंच नाही.

पडद्यावर पाहिलं तेव्हा हसू आलं. एवढ्या माणसांत एकाच माणसाचे डोळे मिटलेले.

कॅमेऱ्याच्या पडद्याचाच फोनने एक फोटो घेऊन त्यांनी तो मायलेकी दोघींना पाठवला आणि पायरीवर बसून राहिले. संध्याकाळ ओली होत होत खाली उतरत होती. गोठ्यात कुणीतरी दिवा लावला.

थोड्या वेळाने बटणचं उत्तर आलं. "बाबा, डोळे मिटलेत तुमचे."

त्यांनी एका बोटाने लिहिलं, "टायमर होता."

"असू दे. दिसताय."

त्यांनी तो शब्द परत वाचला. मग बायकोच्या फोनवरून एक ओळ आली. ती कधी लिहीत नसे. फोटो तिने बराच मोठा करून पाहिला असणार, पार खालपर्यंत.

"पाय ओले आहेत. आधी मोजे काढा."

थांबारावांनी बूट सोडले. मोजे काढले, पिळले, आणि दुसरी काही सोय दिसेना म्हणून तिपाईच्या दोन पायांवर वाळत घातले.